रविवारचं बटण

रविवारी सर्व्हर आपोआप बंद होऊन आपोआप चालू व्हावा, एवढीच सोय आ-तोंगला करायची होती. यात क्रांती वगैरे काही नव्हती. जगात लाखो सर्व्हर हे काम निमूट करतात आणि कुणाच्या सासूला त्याचा पत्ताही लागत नाही. पण आ-तोंगचा सर्व्हर कांगशानमधल्या एका स्क्रूच्या कारखान्यात होता, कारखाना सासूबाईंचा होता आणि आ-तोंग घरजावई होता. त्यामुळे त्या मशीननं कधी झोपावं नि कधी उठावं हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर आला. तिथं आलेला कुठलाही प्रश्न आ-तोंगच्या बाजूनं सुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

घर चार मजली. खाली कचेरी आणि मागे कारखाना, दुसऱ्या मजल्यावर सासूबाई, तिसऱ्यावर आ-तोंग आणि यी-जेन, म्हणजे त्याची बायको. चौथ्यावर देव आणि पूर्वज, कारण त्यांच्या डोक्यावरून कुणी चालायचं नसतं. सर्व्हर खाली कचेरीत, जिन्याखालच्या कोनाड्यात. त्याच्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवलेला. सगळ्या तैवानात सर्व्हरवर हा पुडा असतोच. तो असला की मशीन शहाण्यासारखं वागतं. पुडा हिरवाच हवा, त्यावरची तारीख उलटलेली नसावी आणि तो कुणी खायचा नाही. आ-तोंगनं एकदा भुकेनं कासावीस होऊन चार कुरकुरे खाल्ले होते. त्यानंतर वर्षभरात कारखान्यात जे काही बिघडलं ते त्या चार कुरकुऱ्यांच्या खात्यावर गेलं, पाण्याचा पंप धरून.

सर्व्हर म्हणजे कारखान्याचा जीव. कुठले स्क्रू, किती पेट्या, कुठल्या बंदराला, कधी, सगळं त्याच्या पोटात. त्यावरचा प्रोग्राम वीस वर्षांपूर्वी सासूबाईंच्या एका भाच्यानं लिहिला होता. लिहून झाल्यावर भाचा व्हिएतनामला गेला, तिथं बुटांच्या धंद्यात पडला आणि सुखी झाला. मागे राहिला तो प्रोग्राम आणि आ-तोंग. त्यात नेमकं काय चुकलंय ते आ-तोंगला कधी सापडलं नाही, पण परिणाम पाठ होता. आठवडाभर चाललं की मशीनचं डोकं भरून यायचं. बंद करून चालू केलं नाही तर सोमवारी दुपारी पावत्या छापणं थांबायचं, मागच्या दारी भरलेला कंटेनर उभा राहायचा, आणि पावत्या करणाऱ्या लो ताई हातातलं काम टाकून आ-तोंगच्या टेबलाकडे बघत बसायच्या.

बरं, बंद-चालू करायचं तेही वाटेल तेव्हा नाही. शनिवारी संध्याकाळी गोदामाची मोजदाद लावली की ती रविवारी सकाळी साडेनऊला संपायची. मध्ये हात लावला तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून वेळ एकच, रविवारी साडेनऊनंतर. सासरे होते तेव्हा हे काम ते स्वतः करत. वर उदबत्ती लावून खाली येत, मशीनच्या डोक्यावर तळहात ठेवत, दुसऱ्या हातानं बटण दाबून धरत आणि मशीन पुन्हा घरघरायला लागेपर्यंत तळहात उचलत नसत. का ठेवत, ते कुणी विचारलं नाही. त्यांना विचारायची पद्धत नव्हती.

शेवटच्या आजारपणात त्यांनी आ-तोंगला जवळ बोलावलं. यी-जेन रडत होती, सासूबाई त्यांचे पाय चेपत होत्या. आ-तोंगला वाटलं, आता कारखान्याचं काहीतरी बोलणार. त्यानं चेहराही तसा करून ठेवला. सासरे म्हणाले, "रविवारचं बटण तू दाबत जा." संपलं. जमीन सासूबाईंना, कारखान्याची मालकी यी-जेनच्या नावावर आणि जावयाला बटण.

ते बटण आ-तोंग अकरा वर्षं दाबत होता. अकरा वर्षांतला एकही रविवार त्याचा नव्हता. त्याचं घर फंगहू बेटांवर, काओश्युंगहून विमानानं पाऊण तासावर. पण पाऊण तास काय आणि अमेरिका काय, रविवारी साडेनऊला कांगशानमध्ये असलेला माणूस रविवारच्या पंगतीला फंगहूत नसतो. पुतणीचं लग्न रविवारी झालं, भावाच्या नव्या बोटीची पूजा रविवारी झाली. दहा वर्षांपूर्वी आईची साठी झाली तीही रविवारी. त्या साठीचा फोटो आ-तोंगच्या टेबलाच्या खणात होता. गोल टेबलाभोवती सगळं गोत बसलंय, मधे आई, आणि आईच्या उजव्या हाताला एक रिकामी लाल प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीसमोर भरलेला वाडगा. आ-तोंग तो फोटो महिन्यातून एकदा काढून बघायचा, आणि बघितला की त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

यंदा सत्तरी होती, पुन्हा रविवारीच. आईनं फोन केला. मांडव कुणाचा, आचारी कोण, किती टेबलं, सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तुझी खुर्ची ठेवू का रे?"

तिनं रागानं विचारलं असतं तर आ-तोंगनं सवयीनं कारण दिलं असतं. पण तिनं अगदी हळू, त्याला अवघड वाटू नये अशा बेतानं विचारलं. त्या 'का रे'नं आ-तोंगचं डोकं फिरलं. तो म्हणाला, ठेव. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण कधी नव्हे ते सासूबाईंना न विचारता एक वाक्य बोललोय. (वाक्य एका शब्दाचं होतं, पण सुरुवात म्हणून ठीक.)

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं विषय काढला. मशीन आपोआप बंद-चालू होईल अशी सोय करतो म्हणाला. सासूबाईंनी माशाचा काटा काढता काढता विचारलं की आपोआप म्हणजे कुणी करायचं. कुणीच नाही, असं आ-तोंगनं सांगितलं. त्या म्हणाल्या की कुणीच न केलेलं काम या घरात त्यांनी अजून पाहिलेलं नाही. माणसानं झोपवलेलं मशीन माणसानंच उठवायला हवं, आणि त्यातही ज्याचा हात ठरलाय त्यानं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत लो ताईंनीही आपलं मत दिलं. त्यांच्या मते दर आठवड्याला बंद-चालू करायची मुळात गरजच नव्हती. चालतंय तोवर चालू द्यावं, अडलं की मगच हलवावं. घरी नवऱ्याशी त्या असंच वागत आणि तो अजून चालत होता. आ-तोंगनं त्यांना समजावलं की मशीन अडतं तेव्हा नेमका कंटेनर दारात असतो, म्हणून अडायच्या आत, कुणी कामावर नसताना, ठरल्या वेळी बंद-चालू करायचं असतं. लो ताई म्हणाल्या, ते बरोबरच आहे की, म्हणूनच तू रविवारी करतोस ना, मग करत जा.

तीन दिवस हेच चाललं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी असा प्रश्न टाकला की आ-तोंग हातघाईवर आला.

"आणि ते उठलंच नाही तर?"

"मी फोनवर बघेन ना. उठलं की नाही ते तिकडूनही दिसतं."

"फोनवरून उठवता येतं?"

"तेवढं नाही येत."

"मग बघून काय करणार? रडणार?"

आ-तोंगनं हातातल्या जेवायच्या काड्या टेबलावर आपटल्या. एक उडून सुपाच्या वाडग्यात पडली. मग तो बोलला. साठीचं बोलला, लग्नाचं बोलला, बोटीचं बोलला. भाचा तिकडं बूट विकून मजेत आहे आणि त्याच्या चुका निस्तरायला माझे रविवार चाललेत, असंही बोलला. माझी आई खुर्ची ठेवू का म्हणून विचारते, स्वतःच्या पोराला विचारते, याची तुम्हाला काही लाज वाटत नसेल तर मला वाटते, असं म्हणून तो खाली बसला. (उभा कधी राहिला होता ते त्यालाही कळलं नव्हतं.) यी-जेन भाताकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

सासूबाईंनी सुपातली काडी काढून पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली. "पंचांग आण," त्या यी-जेनला म्हणाल्या.

पंचांगात त्या रविवारी नऊ ते अकरा उत्तम वेळ निघाली. सासूबाईंनी परवानगी दिली, पण अटींवर. पुडा नवा ठेवायचा. वेळ त्या दोन तासांतलीच हवी. त्याच वेळी त्या स्वतः वर जाऊन सासऱ्यांच्या कानावर नवी व्यवस्था घालणार आणि कौल लावणार. आणि काही कमी-जास्त झालं तर आ-तोंग जिथं असेल तिथून उलट फिरणार. आ-तोंगनं सगळं कबूल केलं आणि दहा वाजून दहा मिनिटं ही वेळ ठरवली.

आता प्रश्न उरला कसं करायचं याचा. मशीनला नुसतं झोप म्हटलं की ते 'बंद होत आहे' असं लिहून दाखवायचं आणि तासन् तास बंद होतच राहायचं. म्हणून तर बटण दाबून धरावं लागे. आ-तोंगनं त्यावर तोड काढली. दहा वाजता मशीननं आवराआवर करायची. दहा दहाला टायमरनं त्याची वीजच तोडायची, दोन मिनिटांनी पुन्हा जोडायची, आणि वीज आली की मशीन आपसूक उठायचं. टायमर त्यानं आपल्या टेबलावरच्या पंख्याला लावून पाहिला. दोन मिनिटं पंखा बंद, मग चालू. (खुद्द सर्व्हरवर प्रयोग करायचा तर सहा दिवस कारखाना चालू आणि सातव्या दिवशी विमान.)

शनिवारी संध्याकाळी मोजदाद लावून तो जिन्याखाली पालथा पडला. वीज गेली तर मशीन तगून राहावं म्हणून तिथं बॅटरीचा एक मोठा खोका होता. खोक्यातून एक प्लगची पट्टी निघाली होती, ती त्याला टायमरमधून घ्यायची होती. पट्टीत दोन प्लग होते. एक काळा, जाड, सर्व्हरचा. दुसऱ्याची पांढरी बारीक वायर भिंतीला चिकटून वर जात होती आणि छताच्या भोकात नाहीशी होत होती. ती त्यानं अकरा वर्षं पाहिली होती आणि जुन्या टेलिफोनची असेल असं धरून चालला होता. आज ती हातात आल्यावर मात्र त्याला वाटलं, सासूबाईंना विचारावं. त्या तिथंच, सहा हातांवर, टेबलाशी बसून नव्या पुड्यावरची तारीख भिंगातून तपासत होत्या. पण आ-तोंगला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्याकडून वाटाण्याएवढीही माहिती नको होती. त्यानं पट्टी टायमरला जोडली आणि गुडघे झटकून उठला.

रविवारी सकाळी तो नि यी-जेन काओश्युंगच्या विमानतळावर होते. विमान दहा पन्नासचं, कांगशानहून साडेनऊनंतर निघणाऱ्याला न मिळणारं. आ-तोंगनं नवा शर्ट घातला होता आणि दहा वाजल्यापासून तो फोनकडे बघत होता. दहा दहाला पडद्यावरचा हिरवा ठिपका लाल झाला. दहा बाराला काही नाही. दहा तेराला यी-जेननं त्याला श्वास घ्यायची आठवण करून दिली. दहा चौदाला ठिपका हिरवा झाला.

उठलं. कुणाचा हात नाही, बटण नाही, तळहात नाही, आणि मशीन उठलं. आ-तोंगनं भर विमानतळावर बायकोला मिठी मारली. अकरा वर्षं आपण उगाच मूर्खासारखे जिन्याखाली उभे होतो, हे सिद्ध झाल्याचा त्याला मनापासून आनंद झाला.

दहा एकोणीसला यी-जेनचा फोन वाजला. सासूबाई जावयाला कधीच थेट फोन करत नसत. त्याला काय सांगायचं ते लेकीला सांगत.

यी-जेननं ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवला. "आई म्हणतेय, दिवा गेला."

"कुठला दिवा?"

"वरचा. बाबांपुढचा."

चौथ्या मजल्यावर पूर्वजांपुढे लाल विजेचा दिवा होता. तो एकोणीस वर्षांत विझला नव्हता. वादळात गावाची वीज तीन-तीन तास जायची, त्यातही तो कधीच गेला नाही. सासूबाई ते नातेवाइकांना अभिमानानं सांगत आणि श्रेय पूर्वजांना देत. आ-तोंगच्या डोळ्यापुढे पांढरी वायर उभी राहिली, भिंतीला चिकटून छताच्या भोकात जाणारी.

"आता आहे का?" त्यानं विचारलं.

"दोन मिनिटांनी आला म्हणे."

दोन मिनिटं. ती दोन मिनिटं त्यानं स्वतःच्या बोटानं लावली होती.

झालं होतं ते असं. पंचांगातला मुहूर्त साधून सासूबाई वर गेल्या, पडदे ओढले, उदबत्ती लावली आणि यजमानांना सांगितलं की आजपासून मशीन आपलं आपण उठेल, जावई विमानानं गेलाय, तुमची हरकत नाही ना. कौलाचे दोन लाकडी तुकडे त्यांनी हातातून सोडले आणि ते जमिनीवर स्थिरावायच्या आत दिवा गेला. अंधारात कौल कसा पडला तेही दिसलं नाही.

"आई म्हणतेय, याहून स्पष्ट नकार कुणी देऊ शकत नाही. तू उलट फिर."

तेवढ्यात विमानात चढायची घोषणा झाली आणि लोक रांगेत उभे राहायला लागले. आ-तोंगला कळून चुकलं की आपल्यापुढे दोनच रस्ते आहेत. गप्प बसावं, तर सासऱ्यांची नाराजी पत्करून मरेपर्यंत रविवारी जिन्याखाली उभं राहावं. खरं सांगावं, तर पूर्वजांचा दिवा विझवणारा जावई म्हणून मरेपर्यंत सगळ्या गोतात मिरवावं. आईनं एव्हाना खुर्ची मांडली असेल, हे त्याच्या मनात आलं आणि त्यानं यी-जेनच्या हातातून फोन हिसकावला.

"दिवा मी विझवला," तो म्हणाला. "बाबांनी नाही. बाबांना तिकडं दुसरी कामं असतील. त्यांनी दिव्याची वायर खालच्या बॅटरीवरून ओढलीय, म्हणून तो वादळात जात नाही. मी त्या बॅटरीला टायमर लावला, म्हणून तो गेला. पुढच्या रविवारीही दहा दहाला जाईल आणि त्याच्या पुढच्याही. यात कौल नाही, नाराजी नाही, काही नाही. मी विझवला."

रांगेतले लोक मागे वळून बघत होते.

"तू?" सासूबाई म्हणाल्या.

"मी."

"स्वयंपाकघरातली ट्यूब चार महिने फडफडतेय. ती तुझ्याच्यानं बदलवली नाही. आणि वादळाला न विझलेला दिवा तू विझवलास?"

"हो."

"तुझ्याच्यानं होणार नाही. उगाच त्यांचं श्रेय घेऊ नकोस. विमानातून उतर."

"मी अजून चढलो नाहीये."

"मग चढू नकोस."

आ-तोंगनं फोन बंद केला. त्या घरात आल्यापासून सासूबाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यानं काहीही बंद केलं नव्हतं. आपण कबूल केलेला गुन्हासुद्धा आपल्या लायकीबाहेरचा ठरावा, याचा त्याला दिवा विझल्यापेक्षा जास्त संताप आला होता. यी-जेन त्याच्याकडे असं बघत होती जसं तिनं लग्नाआधी एकदाच बघितलं होतं. तिनं त्याच्या कॉलरची घडी सारखी केली.

"ट्यूबचं मात्र आई खरं बोलली," ती म्हणाली आणि रांगेत त्याच्या पुढे उभी राहिली.

फंगहूला मांडव दारातच, रस्त्यावर घातला होता. खुर्ची होती. लाल, प्लास्टिकची, आईच्या उजव्या हाताला, आणि आई तिच्यावर एक हात ठेवून बसली होती, जणू कुणी पळवील. आ-तोंग बसला तरी तिनं हात काढला नाही, तो तसाच त्याच्या पाठीवर ठेवला. लाल भोपळ्याच्या शेवया आल्या, कालवं आली, वाढदिवसाच्या लांब शेवया आणि डुकराचे पाय आले. आई त्याच्या वाडग्यात वाढत राहिली आणि आ-तोंग खात राहिला. तोंडात घास असताना त्याचे डोळे भरून आले, तेव्हा त्यानं मिरचीला दोष दिला. फोटो काढला तेव्हा भावानं त्याला दोनदा हसायला सांगितलं.

हसू येत नव्हतं कारण डोक्यात भाषण चालू होतं. सोमवारी कांगशानला गेल्यावर करायचं भाषण. मुद्दे सात होते. आईनं शेंगदाणे पुढे करत विचारलं की मघापासून ओठ हलतायत, कुणाशी भांडतोयस. आ-तोंग म्हणाला, कुणाशी नाही. आई म्हणाली, मग तोंड मिटून चाव.

सोमवारी दुपारी तो कचेरीत शिरला तेव्हा सातातले पाच मुद्दे विसरला होता, पण राग शाबूत होता. पावत्या छापल्या जात होत्या, कंटेनर निघून गेला होता, लो ताई कामात होत्या. सासूबाई जिन्याखालच्या कोनाड्यासमोर स्टूल टाकून बसल्या होत्या आणि टायमरकडे बघत होत्या. आ-तोंगनं बोलायला सुरुवात केली. मशीन आपोआप उठलं हे आधी सांगितलं, मग दोन मुद्दे सांगितले, मग तेच दोन पुन्हा सांगितले. वायर दाखवली. विश्वास बसत नसेल तर आत्ता काढून दाखवतो म्हणाला.

"हात लावू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "त्यांनी ती ओढली तेव्हा शिडी मी धरली होती. चार मजले. माझे गुडघे तेव्हापासून गेलेत."

आ-तोंगनं गुडघ्यांकडे पाहिलं. मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"दिवा गेला तेव्हा नाही सुचलं. अंधारात मी घाबरले. परत आला तेव्हा सगळं आठवलं."

"मग मला उलट फिर म्हणून का सांगितलंत? मी माझ्या आईकडे चाललो होतो."

"राग आला म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याची वायर, मी इथं बसलेली, भिंग हातात. तोंड उघडून विचारायला काय झालं होतं? राग काय तुझ्या एकट्यालाच येतो?"

हे आ-तोंगच्या सात मुद्द्यांत नव्हतं. त्यानं हळूच विचारलं की वायर दुसरीकडून घेऊ का. सासूबाई म्हणाल्या, त्यांनी ओढलेली वायर कुणी हलवायची नाही. मग दोन मिनिटांपुरता बॅटरीचा एखादा छोटा दिवा वर ठेवू का, असं त्यानं विचारलं. बॅटरीवरचा दिवा पूर्वजांपुढे ठेवायला त्या काय अजून मेल्या नव्हत्या. (मोठा दिवा एकोणीस वर्षं बॅटरीवरच आहे, हे आ-तोंगनं गिळलं.)

पण मशीन आपोआप बंद-चालू करायला त्यांची आता हरकत नव्हती. झालं ते चांगलं झालं म्हणाल्या. दर रविवारी दहा दहाला असंच चालू दे. आ-तोंगला क्षणभर आपल्या कानांवर विश्वास बसेना. अकरा वर्षांची लढाई त्यानं जिंकली होती. त्यानं दोन्ही हात जोडून त्यांचे आभार मानले, आणि त्या नको नको म्हणत स्टुलावरून उठल्या.

"फक्त ती दोन मिनिटं," उठता उठता त्या म्हणाल्या. "तेवढ्यापुरती खरी ज्योत हवी वर. कुणीतरी हातात धरून उभं राहायला हवं. आणि त्यांनी हात कुणाचा ठरवलाय ते तुला माहीतच आहे. आईच्या वाढदिवसाला मी धरेन, एवढं करते तुझ्यासाठी."

आ-तोंग हिशेब करत राहिला. आधी रविवारी साडेनऊनंतर कधीही बटण दाबलं तरी चालत होतं. आता दहा दहा म्हणजे दहा दहा. आधी दोन मजले खाली उतरायचं होतं, आता सासऱ्यांसमोर मेणबत्ती धरून उभं राहायचं होतं. त्याला इतका राग आला की विसरलेले पाचही मुद्दे एकदम आठवले.

संध्याकाळी कोनाड्यावर, हिरव्या पुड्याच्या बरोबर वर, सासूबाईंनी जाड अक्षरात लिहिलेला कागद चिकटवलेला होता. रविवार, दहा वाजून दहा मिनिटं. सर्व्हर: आपोआप. दिवा: आ-तोंग. आणि त्याखाली, यी-जेनच्या अक्षरात, आणखी एक ओळ होती. स्वयंपाकघरातली ट्यूब: आ-तोंग, आजच.